यंदा थोडा सांबार फुलावर येऊ द्या

दिवाळी झाली की वाफ्यात सांबार (कोथिंबीर) टाकायचा, जुड्या काढायच्या अन् फुलं दिसली की उपटून फेकायचा, हे आपण सगळेच करतो, मीपण करत होतो. यंदा बांधाच्या बाजूची एक ओळ राहू द्या. सांबार, शेपू, बडीशेप यांची फुलं बारीक अन् उघडी असतात, त्यामुळे मावा (पिकाचा रस शोषणारे बारीक किडे) आणि अळीच्या अंगात अंडी घालून त्यांना संपवणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्यांचं आखूड तोंड रसापर्यंत पोचतं (या आपल्याला चावत नाहीत, घाबरू नका). हारवाल्या गच्च झेंडूत ते जमत नाही, झेंडू लावायचाच तर एकेरी पाकळीचा लावा.

काटोल-कळमेश्वरकडे ज्यांनी संत्र्याचा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरलाय त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत नवती फुटली की सायला (कोवळ्या फुटीचा रस शोषणारी कीड) आणि मावा येणारच. तेव्हा बाजूला फुलं पाहिजेत, म्हणजे सांबार नोव्हेंबरातच टाकावा लागतो, फुलावर यायला त्याला 50-60 दिवस लागतात, मग 15-15 दिवसांनी दोन-तीनदा टाका म्हणजे फुलं एकदम संपत नाहीत. बडीशेप बरीच उशिरा फुलते, ती आधीच टाका. थोडी मोहरीपण चालते, तिच्यावर मावा पडतो पण तो संत्र्यावर जात नाही, उलट ढालकिड्यांना (लेडीबर्ड, हे मावा खातात) आयतं जेवण मिळतं. बाजूला कोबी-फुलकोबी असेल तर मात्र मोहरी नको.

आता ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे, लाल, गोल, ठिपकेवाला, पण त्याची अळी कोणी ओळखत नाही. काळपट-राखाडी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसते. मी एका वर्षी वांग्यावर बसून ह्याच अळ्या चिमटीत धरून मारल्या, वरून खूशपण झालो की रोग साफ केला! पानावर केसाएवढ्या देठावर पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं (याची अळीपण मावा खाते), त्यालाही हात लावू नका.

मावा दिसला की लगेच पंप कायले काढता? पाच-सहा दिवस थांबून पहा. इमिडाक्लोप्रिड झाडात भिनतं, फुलाच्या रसातही उतरतं, म्हणजे ज्यांना बोलावलं तेच मरतात. फारच वाढला तर 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, फक्त माव्याच्या शेंड्यांवर मारा, फुलांच्या ओळीवर नको. अन् खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा, माव्याचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून त्या ढालकिड्यांना हाकलून लावतात.