रोज चालवूनही सायकलचा वेग वाढत नसेल तर

नवी सायकल घेतल्यावर पहिले तीन-चार महिने वेग आपोआप वाढतो. मग तासाला २२-२४ किलोमीटरवर गाडी अडते ती अडतेच, कितीही किलोमीटर घातले तरी. कारण बहुतेक वेळा एकच असतं: रोजची राइड एकाच मध्यम जोराने होते. धाप लागते, पण पुरती नाही. दमणूक होते, पण शरीराला बदलावं लागेल इतकी नाही. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जोर लावायचा म्हटलं तर पाय जड झालेले असतात. त्यामुळे वेग वाढवायचा तर आधी बहुतेक दिवस हळू चालवायला शिकावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच सगळ्यांचा संयम सुटतो.

हळू म्हणजे किती? न अडखळता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा किंवा घड्याळ असेल तर मिनिटाच्या कमाल ठोक्यांच्या ६० ते ७५ टक्के. कमाल ठोक्यांसाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्रास वापरलं जातं, पण ते सरासरीचं आहे. एखाद्याच्या बाबतीत १०-१५ ठोक्यांनी सहज चुकतं. बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची. चढ आला की हलका गिअर टाका, मागून कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. अशा संथ तासांमुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या वाढतात.

आठवड्यातून चार दिवस मिळत असतील तर दोन संथ, एक लांब (तोही संथच) आणि एक जोराचा. दीड-दोन महिन्यांनी अंगवळणी पडलं की एका संथ दिवसाच्या जागी दुसरा जोराचा दिवस घाला, पण दोन्हींत निदान ४८ तासांचं अंतर हवं. दर चौथ्या आठवड्यात एकूण वेळ निम्म्यावर आणा. हा आठवडा टाळणारे पुढच्या महिन्यात हमखास ढेपाळतात.

जोराचा दिवस असा: १५ मिनिटं हलकं चालवून अंग गरम करा, त्यातच शेवटी २०-२० सेकंदांचे तीन झटके द्या. मग ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं अगदी सावकाश, असे चार फेरे. शेवटी १० मिनिटं हलकं. पन्नास-पंचावन्न मिनिटांत काम होतं. ‘जोरात’ म्हणजे तिसऱ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. सगळ्यांची चूक ठरलेली असते: पहिल्या फेरीत जीव काढायचा आणि चौथीत कोसळायचं. पहिल्या फेरीचं पहिलं मिनिट ‘हे फारच सोपं आहे’ असं वाटलं पाहिजे; चौथी फेरी पहिलीइतकीच लांब गेली तर जोर बरोबर बेतला. यासाठी सौम्य, लांब चढ उत्तम. तिथे थांबावं लागत नाही आणि वेग कमी असल्याने वाऱ्याचा फरकही कमी पडतो.

पेडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरलं पाहिजे. मीटर नको, उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा, २० ते २२ यायला हवेत. १५ येत असतील तर गिअर जड आहे, आणि त्याची वसुली गुडघ्यांकडून होते.

सीटची उंची चुकलेली असेल तर वरची सगळी मेहनत अर्धी वाया. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय नुसता सरळ झाला पाहिजे. ताणावा लागता कामा नये आणि गुडघ्यात बाकही नको. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक आपोआप येतो. हे करताना सायकल चालवताना घालता तेच बूट घाला. बदल एका वेळी ३-४ मिलिमीटरच करा आणि दोन-तीन राइड थांबा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर वर आहे.

सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते. २५ वरून ३० वर जायला केवळ हवेसाठीच सुमारे ७० टक्के जास्त ताकद लागते. म्हणून कोपर वाकवून छाती खाली घेणं आणि फडफडणारं जॅकेट काढणं हे हलक्या चाकांवर पैसे घालण्याआधी करायचं काम. टायरमधली हवा आठवड्याला तपासा, ट्यूबमधून ती हळूहळू जातच असते. साधारण ७० किलोच्या माणसाला २८ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) पुरतं. मात्र टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. दगडासारखा टणक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि उलट हळू जातो. चेनच्या प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, मग फडक्याने वरचं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ चिकटून साखळी घासते.

तासाभराच्या राइडला पाणी पुरतं. दीड तासाच्या वर जाणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि सुरुवात पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच करा. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असतील आणि झोपही नीट झालेली नसेल तर जोराचा दिवस पुढे ढकला.

प्रगती सरासरी वेगावर मोजू नका. वारा, वाहतूक आणि सिग्नल तो आकडा रोज बदलतात. त्याच चढावर, त्याच खांबापासून, ४ मिनिटांत कुठवर पोहोचता ते लक्षात ठेवा. सहा आठवड्यांनी तेवढ्याच धापेत पुढचा खांब गाठला तर वेग वाढला. तिथवर पोहोचला नाहीत तर आधी संथ दिवस तपासा. ते बहुतेक पुरेसे संथ नसतात.