जुन्या तंबाखू-कार्डांवरचे छपाईतले फरक कसे शोधावेत

अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डं घातली. संग्राहक त्यांना ‘टी206’ म्हणतात. यातल्या होनस वॅगनरच्या एका कार्डाला 2022 मध्ये 72.5 लाख डॉलर मिळाले, त्यामुळे बातम्या त्याच्याच होतात. अभ्यासाची खरी मजा मात्र साध्या खेळाडूंच्या कार्डांत आहे.

आधी कार्ड उलटं करा. चित्र नंतर बघा. मागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर अशा सोळा ब्रँडांपैकी एकाची जाहिरात असते. बऱ्याच जाहिरातींत 150, 350 असा मालिकेचा आकडा आणि कारखान्याचा क्रमांकही असतो. हा कारखाना सिगारेटचा, छापखान्याचा नव्हे. नवखे इथे हमखास फसतात. ब्रँड, आकडा, क्रमांक, शाईचा रंग हे सगळं टिपून ठेवा. अमेरिकन ब्यूटीची कार्डं मुळातच किंचित अरुंद असतात, तेव्हा लगेच ‘कडा कापल्यात’ असं ठरवू नका.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ही शिळाछापाची कामं, म्हणजे आपल्याकडे रविवर्मा प्रेसची चित्रं ज्या तंत्राने निघाली तेच. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. भिंगाखाली रंगाचे ठिपके अनियमित दिसतात आणि नावाची अक्षरं सलग शाईची असतात. अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसली, तर ती अलीकडची नक्कल समजा.

आता फरकाची जात ठरवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. काही बदल छापखान्याने जाणूनबुजून केले. रे डेमिट न्यूयॉर्कहून सेंट लुईसला गेला, तेव्हा त्याच्या कार्डावरचा संघ बदलला, आणि तो बदललेला छाप फक्त पोलर बेअरच्या जाहिरातीसह सापडतो. काही चुका होत्या आणि त्या सुधारल्या गेल्या. शेरी मगी याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं. चुकीची कार्डं पीडमाँट 150 मालिकेतली. अमेरिकन लीगमधल्या जो डॉयलला नॅशनल लीगचा, म्हणजे दुसऱ्याच साखळीचा, ठरवलं गेलं, कारण त्याच लीगमध्ये न्यूयॉर्ककडून लॅरी डॉयल खेळत होता. ही चूक पीडमाँट 350 वरच आढळते. म्हणून असं कार्ड भलत्याच जाहिरातीसह समोर आलं, तर खाडाखोडीचा संशय घ्या.

तिसरी जात अपघातांची: सरकलेला रंग, न उमटलेली शाई. बॉस्टनच्या बिल स्वीनीच्या काही कार्डांवर सदऱ्यावरचं ‘बी’ अक्षरच नाही, कारण तिथला लाल रंग उमटलाच नाही. पण लाल उन्हानेही उडतो. तेव्हा त्याच कार्डावरचे इतर लाल भाग तपासा.

दुसरी प्रत शोधा. एकाच कार्डावरचा डाग म्हणजे नुसता डाग. तोच डाग, त्याच जागी, तशाच जाहिरातीच्या आणखी प्रतींवर दिसला तर दोष ठशातच असावा. पीडमाँट 150 च्या मागच्या बाजूंवरचे असे ओरखडे जुळवून अभ्यासकांनी मूळ मोठ्या कागदावर कोणता खेळाडू कोणाशेजारी होता, याची जुळणी सुरू केली आहे. तुलनेसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसने बेंजामिन एडवर्ड्स संग्रहातली कार्डं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच प्रकाशात काढा आणि नोंद करताना ‘दुर्मिळ’ हा शब्द विक्रेत्यांसाठी सोडून द्या.