पतसंस्थेच्या सर्व्हरला किती ईसीसी पुरे?

सांगली-मिरजेतल्या पतसंस्था, मार्केट यार्डातल्या अडत पेढ्या आणि आसपासचे ऊस वजनकाटे यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा व्यवसाय. नव्या सर्व्हरचं कोटेशन दिलं की संचालकांचं बोट आधी ईसीसी रॅमच्या, म्हणजे स्वतःतली चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीच्या ओळीवर जातं. ही महागाची रॅम कशाला? प्रश्न रास्त आहे, पैसा सभासदांचा असतो. म्हणून सुरक्षा किती घ्यायची आणि तिच्यापायी जागा किती खर्चायची, हा हिशेब मी कसा मांडतो ते लिहितो.

आधी नुकसान समजून घ्या. मेमरीतला एक बिट, म्हणजे ० किंवा १ ची एक जागा, उलटला तर फरक केवढा पडेल, हे त्या बिटाच्या जागेवर ठरतं. पहिला उलटला तर एक रुपया, तेरावा उलटला तर ४०९६. बेल्जियममधल्या स्कारबेक इथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावावर नेमकी ४०९६ मतं जादा निघाली. आकडा शक्य मतांपेक्षा मोठा होता म्हणूनच तो पकडला गेला. पिग्मीच्या खात्यात तेवढेच रुपये वाढले तर कोण पकडणार? चुकलेली शिल्लक डिस्कवर जाते, रात्रीच्या बॅकअपमध्येही तशीच जाते. बॅकअप आहे म्हणून ईसीसी नको, हे मला पटत नाही ते यासाठी.

आता दुरुस्ती कशी होते ते एकदा वहीत करून बघा. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेली ही रीत आहे. सात जागा घ्या. १, २ आणि ४ या जागा तपासणीच्या, उरलेल्या ३, ५, ६, ७ माहितीच्या. माहिती १०११ असेल तर त्या चार जागी अनुक्रमे १, ०, १, १ लिहा. पहिला तपासणी बिट १-३-५-७ या जागांवरच्या एकांची संख्या सम ठेवतो, दुसरा २-३-६-७ ची, तिसरा ४-५-६-७ ची. पूर्ण ओळ ०११००११ अशी येते. आता सहावी जागा उलटवा : ०११०००१. पहिली तपासणी बरोबर येते, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरच्या तपासण्या चुकतात. दोन अधिक चार, सहा. बिघडलेल्या बिटाचा पत्ताच हातात आला. तो परत उलटवला की काम झालं.

चार बिटांना तीन तपासणी बिट, म्हणजे खर्च भलताच झाला. पण शब्द, म्हणजे एका वेळी तपासायचा बिटांचा गट, रुंद केला की हा खर्च झपाट्याने उतरतो. एक चूक दुरुस्त आणि दोन चुका ओळखायच्या असतील तर ८ बिटांना ५ तपासणी बिट लागतात, ३२ ला ७, ६४ ला ८, १२८ ला ९. टक्क्यांत अनुक्रमे ६२.५, सुमारे २२, १२.५ आणि ७. मग अजून रुंद का करू नये? कारण रुंद गटात दोन चुका एकत्र सापडण्याची शक्यता वाढते, आणि त्यातला एखादाच बाइट (८ बिट) बदलायचा तरी पूर्ण गट वाचून, तपासणी बिट नव्याने काढून परत लिहावा लागतो. ६४ वर ८ हा त्यातला चांगला मध्य आहे आणि सर्व्हरची रॅम वर्षानुवर्षं त्यावरच चालली.

माझं खरं सांगणं पुढे आहे. ते ८ बिट कसे वापरले यावर सगळं ठरतं. दर बाइटला एक पॅरिटी बिट, म्हणजे एकांची संख्या सम की विषम एवढंच सांगणारा बिट, दिला तरी ६४ मागे ८ च लागतात, पण त्यातून चूक झाल्याचं फक्त कळतं, दुरुस्त काहीच होत नाही. हॅमिंगच्या रीतीने तेच ८ बिट एक चूक दुरुस्त करतात. आणि डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये चार-चार बिटांच्या १८ चिप असलेली पट्टी योग्य सर्व्हर प्रोसेसरला लावली, तर तेवढ्याच १२.५ टक्क्यांत एक अख्खी चिप बाद झाली तरी डेटा वाचू शकतो. आठ-आठ बिटांच्या ९ चिपांची पट्टी स्वस्त पडते, वीजही कमी खाते, पण तिची एक चिप गेली की एका दमात आठ बिट जातात, ते साध्या ईसीसीच्या आवाक्याबाहेर आहे. पतसंस्थेच्या मुख्य सर्व्हरला मी १८ चिपांचीच पट्टी सुचवतो. अडत पेढीच्या एकुलत्या बिलिंग मशीनला ९ चिपांची पुरते. मेमरी मिररिंग करून, म्हणजे तोच डेटा दोन जागी ठेवून, निम्मी रॅम राखीव ठेवणं मात्र यार्डात किंवा पतसंस्थेत कुणालाच गरजेचं नाही. त्या पैशात दुसरा सर्व्हर उभा करावा.

पुढच्या पिढीची डीडीआर५ घेताना सावध राहा. दुकानदार सांगतो, यात ईसीसी आतच आहे. ते चिपच्या आतलं आहे, १२८ बिटांना ८. चिपमधला एक बिट ते सावरतं, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक त्याला दिसत नाही आणि आत काय दुरुस्त झालं ते तुमच्या सिस्टिमला कळवतही नाही. खऱ्या ईसीसी पट्टीत ३२-३२ बिटांचे दोन भाग असतात आणि बहुतेक पट्ट्यांत प्रत्येकी ८ जादा, म्हणजे खर्च थेट २५ टक्के. दरात फरक दिसतो तो यामुळे.

पट्टी बसवल्यावर ईसीसी चालू आहे का ते स्वतः बघा. लिनक्सवर डीएमआयडीकोड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या कमांडच्या मेमरीच्या भागात डीडीआर४ साठी टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसली पाहिजे. दोन्हीकडे ६४ असेल तर ती साधी रॅम. पण ७२ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते फक्त पट्टीबद्दल बोलतं. प्रोसेसर आणि मदरबोर्ड साथ देतात का, हे ईडॅक, म्हणजे मेमरीच्या चुका नोंदवणारा लिनक्सचा ड्रायव्हर, चालू झाला का यावरून कळतं. रजिस्टर्ड (प्रोसेसरकडून येणारे संकेत मधल्या एका चिपमधून घेणाऱ्या) आणि अनबफर्ड (ते थेट घेणाऱ्या) पट्ट्या एकाच बोर्डवर चालत नाहीत, हेही ऑर्डर देण्याआधी बघा.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पॅट्रोल स्क्रब चालू करा. ते रिकाम्या वेळात मेमरी वाचत फिरतं आणि एकट्या चुका तिथल्या तिथे निस्तरतं, म्हणजे त्याच शब्दात दुसरी चूक येऊन बसायच्या आत पहिली गेलेली असते. यासाठी रॅममधली जागा अजिबात जात नाही. तरीही कितीतरी सर्व्हरवर ते बंदच सापडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग महिन्यातून एकदा लिनक्सवर ईडॅकचे काउंटर वाचा : सीई काउंट म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका, यूई काउंट म्हणजे न झालेल्या. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी बघा. गूगलच्या सर्व्हरवरचा २००९ चा मोठा अभ्यास सांगतो की वर्षभरात सुमारे ८ टक्के पट्ट्यांत दुरुस्त होणाऱ्या चुका आढळल्या. तापमानाचा परिणाम त्यात अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला, त्यामुळे एप्रिल-मे मधल्या आपल्याकडच्या उन्हावर सगळं ढकलू नका. जुन्या होत चाललेल्या पट्टीवर जास्त लक्ष ठेवा.

कधीतरी एखादी सीई आली तर तारीख आणि स्लॉट लिहून ठेवा, एवढंच. त्याच स्लॉटचा आकडा दर खेपेला वाढतोय असं दिसलं, तर पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. चुका पट्टीबरोबर गेल्या तर पट्टी बदला. जुन्याच स्लॉटवर राहिल्या तर स्लॉटचे संपर्क साफ करा, तरीही थांबल्या नाहीत तर बोर्ड दाखवा. यूई एकदा जरी आली, तरी त्या दिवशीची कीर्द छापील पावत्यांशी ताडून बघा आणि मगच दिवस बंद करा.