प्रोबेशन की जेल? दोषी ठरल्यावर कोर्टात काय मागायचं

'दोषी' एवढा शब्द कानावर पडला की घरच्यांना वाटतं संपलं सगळं. पण शिक्षा काय द्यायची हे ठरायचं अजून बाकी असतं आणि प्रोबेशन, म्हणजे जेलमध्ये न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, मागायची वेळ तीच, म्हणून निकालाच्या तारखेआधीच वकिलांना विचारून ठेवा की अर्ज तयार आहे का.

पहिलं बघायचं ते केस बसते का. 1958 च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम 4 प्रमाणे फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यात हे मिळत नाही, लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या केसमध्येही नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मागता येतं, पण हक्क म्हणून नाही, जजना पटवावं लागतं.

मुलगा 21 च्या आतला असेल तर कलम 6 आहे आणि तिथे गोष्ट उलटी होते, जेलमध्ये पाठवायचं तर का पाठवतोय याची कारणं जजना लिहावी लागतात आणि प्रोबेशन ऑफिसरचा, म्हणजे कोर्टासाठी त्या माणसाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, रिपोर्ट मागवावाच लागतो. फक्त एक लक्षात घ्या, वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही तर कोर्ट शिक्षा ठरवतं त्या दिवशीचं धरतात. एकोणिसाव्या वर्षी केस लागलेली पोरं तारखांवर तारखा पडत 21 ओलांडतात आणि हा आधार हातचा जातो, मला हे फार लागतं, म्हणून अशा केसमध्ये उगाच तारखा मागू नका.

जज बघतात काय? गुन्हा कसा घडला, माणूस कसा आहे, आधी शिक्षा झालीय का, राहायचा पक्का पत्ता किंवा नियमित काम आहे का. रागाच्या भरात झालेली धक्काबुक्की आणि ठरवून केलेली मारहाण यात कलम एक असलं तरी फरक पडतो. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला असेल तर मात्र फार आशा ठेवू नका, सुप्रीम कोर्टाने 2000 साली दलबीर सिंग केसमध्ये तिथे सौम्य राहू नका असं स्पष्ट सांगितलंय.

म्हणून कागद जमवा: वयाचा दाखला, कामाचं पत्र, घरी कोण कोण अवलंबून आहे, औषधोपचार चालू असतील तर ते. नुकसानभरपाई द्यायची तयारी असेल तर लिहून द्या, कोर्ट तसा आदेश करू शकतं. प्रोबेशन ऑफिसर चौकशी करतील तेव्हा खरं तेच सांगा, एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मिळालं तर चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड (लेखी हमी) लिहून द्यावा लागतो, जास्तीत जास्त 3 वर्षांचा, आणि अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा परत समोर येते. नोकरीवाल्यांनी हेही समजून घ्या की कलम 12 मुळे दोषी ठरल्याने कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही, खात्याची कारवाई होऊ शकते.

नाही मिळालं तर निकालाची प्रत घेऊन नकाराची कारणं नीट वाचा. कारणंच नसतील तर अपिलात तोच मुद्दा आधी घ्या, कारण कलम 11 प्रमाणे अपिलातलं कोर्टसुद्धा प्रोबेशन देऊ शकतं.