सर्जरीचा अभ्यास करताय? पेशंट घरी गेल्यावरच्या या चुका टाळा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या एमएस (सर्जरीतलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्या पोरापोरींच्या थिसिसचा डेटा माझ्याकडे तपासायला येतो, आणि एक्सेल शीट उघडली की मी आधी शेवटचे कॉलम बघते, जिथे ३० दिवसांनी काय झालं ते असायला पाहिजे. बहुतेक वेळा तिथे ओळीने 'नो कम्प्लेंट्स' किंवा मग रिकामं. ऑपरेशनला किती मिनिटं लागली, रक्त किती गेलं, मेश (हर्नियाला लावायची जाळी) कुठली टाकली, ड्रेन कधी काढला, सगळं टापटीप भरलेलं, आणि माणूस घरी गेल्यावर त्याचं काय झालं तेवढंच नाही. पण अभ्यास तर त्याच्यासाठीच होता ना. म्हणून हे लिहितेय, पीजीवाल्यांसाठी आणि त्यांच्या गाईडसाठीसुद्धा, आणि यातलं निम्मं तरी सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) लिहायच्या आधी वाचलं तर पुढचा बराच ताप वाचेल.

आला नाही म्हणजे बरा झाला असं धरणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि आपल्याकडे हीच सगळ्यात जास्त होते.

समजा अपेंडिक्सचे ६० पेशंट घेतले. महिन्याने ४२ आले, त्यातल्या ४ जणांच्या जखमेत इन्फेक्शन निघालं. आता शीटमध्ये काय लिहिलं जातं, तर ६० पैकी ४, म्हणजे पावणेसात टक्के. म्हणजे जे १८ आलेच नाहीत ते ठणठणीत आहेत असं आपण परस्पर ठरवून टाकलं. आलेल्यांपुरतं बघितलं तर ४२ पैकी ४, साडेनऊ टक्के. आणि न आलेले सगळेच्या सगळे बिघडले असतील तर ६० पैकी २२, म्हणजे जवळपास ३७ टक्के. खरा आकडा या पावणेसात आणि सदतीसच्या मध्ये कुठेतरी आहे. एवढा मोठा फरक असताना 'आमचं टेक्निक सेफ आहे' असं कुठल्या आधारावर लिहिणार?

आणि न येणारा माणूस आणि येणारा माणूस सारखा नसतो. धुळे शहरातला पेशंट रिक्षाने येऊन जाईल, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्याला यायचं तर अख्खा दिवस जातो, बायांना एसटीत अर्धं तिकीट असलं तरी सोबत येणाऱ्याचं पूर्ण लागतं आणि दोघांची मजुरी बुडते ती वेगळीच. त्यातून जखमेला पू झाला तर तो तुमच्याकडे येतच नाही, तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, तिथे दोन टाके उघडतात, ड्रेसिंग होतं, सुई मिळते, पाचसात दिवसांनी जखम भरते, आणि तुमच्या फाइलमध्ये तो आयुष्यभर 'अनइव्हेंटफुल', म्हणजे काही त्रास न झालेला, राहतो. अपेंडिक्सचा पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो आणि जखम चिघळायला लागते ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, म्हणजे वॉर्डात बघून काहीच कळणार नाही. म्हणूनच सर्जिकल साइट इन्फेक्शनच्या, म्हणजे ऑपरेशनच्या जखमेतल्या इन्फेक्शनच्या, व्याख्येत ३० दिवस दिलेत, आणि मेश किंवा इम्प्लांट टाकलेल्या काही ऑपरेशनांना ९० दिवस. त्या दिवसांआधी फाइल बंद करायची नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे फॉलोअपची तारीख कॅलेंडर बघून द्या, आणि कॅलेंडर म्हणजे आपल्या भागाचं. दिवाळीनंतर नंदुरबारकडची किती कुटुंबं ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला जातात, त्या काळात 'महिन्याने दाखवायला या' म्हणून काही उपयोग नाही, त्यांना विचारा की कुठे जाणार, तिथला नंबर कोणाचा. होळीला सातपुड्यातली माणसं गावी परत येतात, तेव्हा तारीख द्या, येतील. जूनमध्ये पेरणी सोडून कोणी येत नाही. कापूस वेचणीत बायांना वेळ नसतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी जातात, म्हणजे तुमची सिझेरियनची किंवा पित्ताशयाची पेशंट यावलला नाही तर पारोळ्याला असेल, तिथून तिला कोण आणणार? हे सगळं आपल्याला माहितीये, फक्त थिसिस करताना आपण ते विसरतो.

दुसरं, एक फोन नंबर म्हणजे नंबर नाही. रिचार्ज संपतो, सिम बदलतं, फोन पोराकडे असतो आणि पोरगा सुरतला असतो. निदान तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरातल्या दुसऱ्याचा, आणि गावात शेजारी, किराणा दुकानदार किंवा आशाताई यांच्यापैकी एकाचा. पण आशाताईला किंवा दुकानदाराला फोन करणार हे कन्सेंट फॉर्ममध्ये लिहिलेलं पाहिजे, पेशंटला ते सांगितलेलं पाहिजे, आणि फोन केल्यावर ऑपरेशन कशाचं होतं ते त्यांना सांगायचं नाही, फक्त 'डॉक्टरांनी चौकशीला फोन केलाय' एवढंच. मूळव्याध, हायड्रोसील, स्तनाची गाठ, गावात या गोष्टी लोक लपवतात आणि त्यांचा तो हक्क आहे. प्रवासखर्च द्यायची सोय असेल तर तीही आधीच एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या.

तिसरं म्हणजे फोनवर विचारायची पद्धत. 'काही त्रास आहे का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'नही डॉक्टरसाहेब, आते बरं शे.' आपली माणसं डॉक्टरला नाराज करत नाहीत, फुकटात ऑपरेशन झालंय तर तक्रार कशी करायची असंही त्यांना वाटतं. त्यामुळे घडलेल्या गोष्टी एकेक करून विचारा. जखमेतून पाणी किंवा पू आला का, टाके कोणी उघडले का, ताप आला का, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात का, तिथे सुई किंवा गोळ्या दिल्या का, कामावर कधी गेलात. आणि अहिराणीतून विचारता येत असेल तर तसंच विचारा, 'आबा, जखममाईन पानी उनं का?' म्हटलं की माणूस मोकळा होतो आणि मग पाच मिनिटं सगळं सांगतो. डिस्चार्जनंतर जखमेची चौकशी करायला ब्लूबेल नावाची तयार प्रश्नावली आहे, तिची रचना बघून घ्या. एक मात्र पाळा, मूळ ऑपरेशन ज्याने केलंय त्याने फोन करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी करायचा, शक्यतो ज्याला पेशंट कुठल्या ग्रुपमधला ते माहितीच नाही. जखमेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला तर उत्तमच, पण परवानगी घेऊन, आणि तो डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही.

काय मोजायचं ते नंतर ठरवणं

'कॉम्प्लिकेशन्स' असा एक कॉलम करून त्यात 'मायनर', 'मेजर' लिहिलेलं असतं. कोणाचं मायनर? २००४ पासून क्लाव्हियन-डिंडो वर्गीकरण सगळीकडे वापरतात आणि ते सोपं आहे, त्रास किती झाला यावर नाही तर त्यासाठी काय करावं लागलं यावर ग्रेड ठरते. साध्या औषधांवर भागलं तर पहिली, अँटिबायोटिक किंवा रक्त द्यावं लागलं तर दुसरी, परत ऑपरेशन, एंडोस्कोपी किंवा सोनोग्राफीखाली नळी टाकावी लागली तर तिसरी, जीव धोक्यात येऊन आयसीयू लागलं तर चौथी, मृत्यू म्हणजे पाचवी. नोटवरून नंतरही ग्रेड काढता येते, पण नोट लिहिलेली पाहिजे.

वेळेचंही तसंच. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, डेटाला हातात जेमतेम दीड वर्ष, आणि विषय घेतात हर्नियाचं रिकरन्स, म्हणजे हर्निया परत होणं. हर्निया परत येतो तो कित्येकदा काही वर्षांनी, सहा महिन्यांत 'रिकरन्स शून्य' लिहून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा ३ महिन्यांनंतरही जांघेत दुखतं का, हे घ्या, ते दीड वर्षात मोजता येतं आणि शेतकऱ्याला त्याचंच जास्त पडलेलं असतं.

दुखणं मोजताना शून्य ते दहा रेघ दाखवली की पुष्कळ जण कागदाकडे नुसते बघत बसतात. 'बारा आणे फरक पडला' असं मात्र लगेच सांगतात. मग रेसिडेंट मनानेच बारा आण्याचे साडेसात करून टाकतो, हे करू नका, फरक किती पडला आणि आत्ता किती दुखतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चेहऱ्यांची पट्टी वापरा आणि सगळ्यांना शेवटपर्यंत तीच वापरा.

कोणता निकाल बघतो आणि कधी बघतो यावर उत्तर कसं फिरतं त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२० ची अमेरिकेतली कोडा ट्रायल. १५५२ पेशंट, अपेंडिक्सला निम्म्यांना अँटिबायोटिक आणि निम्म्यांचं ऑपरेशन. ३० दिवसांनी एकूण तब्येतीचा स्कोअर बघितला तर अँटिबायोटिक काही कमी पडलं नाही. पण ९० दिवसांपर्यंत अँटिबायोटिकवाल्यांपैकी दहात साधारण तिघांचं ऑपरेशन करावंच लागलं. आता सातपुड्यात वर तोरणमाळच्या पेशंटला गोळ्या देऊन घरी पाठवायचं की नाही, हे ठरवताना यातला कुठला आकडा महत्त्वाचा ते तुम्हीच बघा. अमेरिकेचा पेपर चुकीचा नाही, पण मध्यरात्री परत पोट दुखलं तर दवाखाना किती लांब, हे त्या पेपरात नाही आणि आपल्या अभ्यासात ते असायलाच पाहिजे.

लॅप विरुद्ध ओपन, पण पेशंटच वेगळे

दुर्बिणीचे (लॅप) पेशंट लवकर घरी गेले, पोट उघडून केलेले (ओपन) उशिरा, म्हणून दुर्बीण चांगली. पण ओपन कोणाचं झालं ते बघा ना. रात्री आलेला, अपेंडिक्स फुटलेला, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा असं करत तिसऱ्या दिवशी पोचलेला. आणि दुर्बीण दिवसा, सीनियर सरांच्या हातून, प्लॅन्ड केस. ही ऑपरेशनची तुलना नाहीच. पोट दुखायला लागल्यापासून टेबलवर येईपर्यंत किती तास गेले हा कॉलम पाहिजेच, त्याशिवाय हिमोग्लोबिन, शुगर, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातले पेशंट असतील तर सिकलसेलचा रिपोर्टसुद्धा. आणि लॅप सुरू करून ओपन करावं लागलं तर तो पेशंट लॅपमध्येच मोजायचा, तिकडे सरकवायचा नाही, नाहीतर लॅपचे सगळे अवघड पेशंट ओपनच्या माथी जातात.

रँडमायझेशन (कोण कुठल्या ग्रुपला हे चिठ्ठीसारखं ठरवणं) म्हणून सम-विषम ओपीडी नंबर किंवा सोमवार-मंगळवार करू नका. पुढचा कोण कुठल्या ग्रुपला जाणार हे आधी कळलं की निवड बदलते, मुद्दाम नाही तरी बदलते. कॉम्प्युटरवरून यादी, नंबर टाकलेली जाड बंद पाकिटं, आणि ती ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरकडे.

एकच ग्रुप घेऊन 'ऑपरेशनआधी दुखणं ८, नंतर ३, म्हणून ऑपरेशन उपयोगी' हेही चालत नाही. माणूस दवाखान्यात येतो तेव्हाच दुखणं शिगेला असतं, काही न करताही थोडं उतरतंच. २००२ मध्ये ह्यूस्टनला गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० पेशंटवर अभ्यास झाला, काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीतून खरी साफसफाई केली, काहींना नुसते छेद देऊन टाके घातले, आणि खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं किंवा चालणं खोट्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा चांगलं निघालं नाही. बरे वाटल्याचं दोन्हीकडचे सांगत होते.

आकड्यांच्या चुका, थोडक्यात

३० पेशंटमध्ये एकही कॉम्प्लिकेशन नाही म्हणजे धोका शून्य नाही. ३ भागिले पेशंटची संख्या करा, ३० ला उत्तर येतं १० टक्के, म्हणजे खरा धोका दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा असू शकतो. ते वाक्य थिसिसमध्ये लिहा.

दोन्हीकडे ३०-३० घेऊन इन्फेक्शन कमी झालं का ते बघणं जवळपास अशक्य आहे. २० टक्क्यांवरून १० वर आलं हे पकडायलासुद्धा प्रत्येक ग्रुपमध्ये जवळपास २०० लागतात. २०२२ ची चीता ट्रायल बघा, भारतासह सात देश, १३,३०१ पेशंट, पोट शिवायच्या आधी ग्लोव्हज आणि इन्स्ट्रुमेंट बदलले तर इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. एवढासा फरक दाखवायला एवढी माणसं लागली, आणि त्यांनीही ३० दिवसांपर्यंत बघितलं.

वीस गोष्टी मोजल्या आणि एकीत पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली, तीच टायटलमध्ये टाकली, असं करू नका. कशातच खरा फरक नसला तरी वीसपैकी निदान एक अशी निघायची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य निकाल एकच, आधी लिहून ठेवलेला.

दवाखान्यातले दिवस सरासरीत देऊ नका, मीडियन (सगळे आकडे ओळीने लावले की मधला) द्या, एक माणूस ४० दिवस राहिला की सरासरी बिघडते.

कागदपत्रं

ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (देशाच्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी घेतच नाहीत, आणि दरवर्षी कोणीतरी चाळीस पेशंट झाल्यावर विचारतं. कन्सेंट पेशंटला कळेल त्या भाषेत पाहिजे, पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला छापील मराठी वाचून दाखवली तर ती कन्सेंट नाही. अंगठा असेल तर साक्षीदार टीमच्या बाहेरचा, वॉर्डातला इंटर्न नको.

आणि हे सगळं उशिरा कळलं तर?

डेटा झालाय, सबमिशन दोन महिन्यांवर, १८ जणांचा पत्ता नाही. आधी गाईडला सांगा, आकडे काढायच्या आधी. मग वेळ आहे तोवर उरलेल्या नंबरांवर फोन करा, वेगवेगळ्या वेळी, संध्याकाळी सातनंतर शेतातून माणूस घरी आलेला असतो. उशिरा सापडलेल्याला मागच्या गोष्टी विचारता येतात, फक्त किती दिवसांनी विचारलं ते शीटमध्ये लिहा. तरी जे सापडले नाहीत त्यांना वेगळं दाखवा, किती घेतले, किती आले, किती फोनवर सापडले, किती नाहीच, असा सरळ तक्ता. न सापडलेल्यांचं वय, गावाचं अंतर, ऑपरेशन इमर्जन्सी होतं का, हे आलेल्यांच्या शेजारी ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की कोण निसटलं. टक्केवारी दोन्ही टोकांची द्या, वरच्या उदाहरणासारखी. आणि निष्कर्षातून 'सेफ' आणि 'सुपीरियर' हे दोन शब्द काढून टाका, परीक्षक त्याच्यावरून मार्क कापणार नाही, उलट तुम्हाला पुढचा प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर तुमच्याकडे तयार असेल.