फ्लॅश किती वेळ पेटतो? ड्रिल आणि पुठ्ठ्याने घरीच मोजा

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात सोनकीवर बसलेल्या मधमाशीचे फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले, तर फुलाची पाकळी न् पाकळी स्पष्ट, पंख मात्र धूसर. सावलीत फ्लॅश मारला की हालचाल थांबवायचं काम शटरपेक्षा फ्लॅशच्या लखलखाटाचं असतं. तो किती वेळ टिकतो, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही.

आधी चकती करा. जाड पुठ्ठ्याचं २० सेंमी व्यासाचं वर्तुळ कापा आणि त्यावर काळा मॅट कागद चिकटवा. त्यावर २० अंशांची पांढरी पाचर रंगवा. पाचरीच्या विरुद्ध बाजूला, मध्यापासून कडेपर्यंत १ मिमीची पांढरी रेघ ओढा. बरोबर मध्यावर भोक पाडून नट-बोल्ट आणि दोन वॉशरमध्ये चकती घट्ट आवळा. बोल्ट ड्रिलच्या चकमध्ये धरा, ड्रिल टेबलाला शिकंज्याने पक्कं बांधा. चकती थरथरली तर लगेच बंद करून मध्य पुन्हा साधा. चष्मा घाला, आणि चकतीच्या कडेच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

आता शटरने मोजपट्टी ठरवा. ड्रिलचा वेग माहीत असायची गरज नाही, आणि मला या पद्धतीत हेच सगळ्यात आवडतं. खिडकीच्या उजेडात, ट्यूब आणि एलईडी बंद ठेवून, मेकॅनिकल शटर १/६० वर फोटो घ्या. पाचरीचा फिकट पट्टा दिसेल. फोटो छापून कोनमापक लावा. माझा पट्टा ३०३ अंश आला. पाचरीचे २० वजा केले, उरले २८३. १/६० सेकंद म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे एका मिलिसेकंदाला सुमारे १७ अंश. (पट्टा पूर्ण गोल झाला तर १/१२५ घ्या.)

मग खोलीत अंधार करा. फ्लॅशशिवाय एक फोटो घ्या, तो पूर्ण काळा यायला हवा. फ्लॅश मॅन्युअलवर, हाय स्पीड सिंक (एका फोटोत फ्लॅशचे अनेक छोटे लखलखाट सोडणारी सोय) बंद, ड्रिलचा खटका पूर्वीइतकाच पूर्ण दाबलेला. फुल पॉवरला पाचर ५४ अंश पसरली: ३४ भागिले १७, म्हणजे २ मिलिसेकंद. १/१६ पॉवरला पाचरीऐवजी बारीक रेघ पाहा. तिची मूळ जाडी वजा करून २ अंश उरले, म्हणजे जवळजवळ १/८५०० सेकंद.

फोटो जास्त उजळ येऊ देऊ नका. फुल पॉवरचा प्रकाश हळूहळू विझतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवला की ती शेपटीही दिसू लागते आणि आकडा फुगतो. म्हणून कंपनीचा आकडा तुमच्यापेक्षा लहान असेल, तर मोजणी चुकली असं लगेच समजू नका. प्रकाश त्याच्या कमाल पातळीच्या अर्ध्याहून जास्त असतो तेवढाच वेळ धरायची कंपन्यांची पद्धत आहे.

मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. २ मिलिसेकंदांत पंखांची जवळजवळ अर्धी फेरी होते, मग ते धूसर येणारच. आता मी पॉवर १/१६ वर ठेवतो आणि फ्लॅश फुलापासून वीतभर अंतरावर धरतो. पॉवर कमी केली की लखलखाट आखूड होतो, हा नियम स्टुडिओच्या मोठ्या फ्लॅश-दिव्यांना मात्र डोळे झाकून लावू नका. त्यातल्या काहींची पॉवर कमी केली की लखलखाट उलट लांबतो, म्हणून तेही याच चकतीवर तपासा.