तिळाची चिक्की डब्यात मऊ पडते, दाताला चिकटते? माझा अनुभव

संक्रांतीला सांगलीत ओळखीपाळखीत वाटायला मी तिळाची चिक्की करते. ताटात कडक, पण पाकिटात भरली की मऊ आणि चिवट, कागदही सुटेना. तूप वाढवलं, तीळ जास्त भाजले, फ्रीजमध्ये ठेवली. बाहेर काढल्यावर ती आणखीच ओलसर. नुसता वैताग!

घोळ पाकाचा होता. जमलं ते असं: वाटीभर तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून घ्या. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप आणि पाऊण वाटी चिरलेला चिक्कीचा गूळ (साध्या मऊ गुळाच्या नादी लागू नका), पाणी अजिबात नको. फेस आला की थेंब गार पाण्यात टाकून बघा. मऊ गोळी झाली तर तो पाक लाडवाचा. ताणला गेला तरी कच्चाच. मोडताना 'कट्' वाजला की गॅस बंद; थर्मामीटरवर साधारण १४६ ते १५० अंश सेल्सिअस. चिमूटभर खायचा सोडा, लगेच तीळ, तूप लावलेल्या ओट्यावर पातळ लाटून गरम असतानाच सुरीने रेघा.

पूर्ण गार झाली की लगेच बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. कोमट भरली तर वाफ धरते, उघडी राहिली तर गूळ हवेतली ओल ओढतो.